लिथियम बॅटरी घेताय? आधी काट्यावर ठेवा



आज कीड-रोगाचा सल्ला नाही. फवारणी सुरू झाल्यापासून मला एकच फोन जास्त येतोय, "सर, पंपाची बॅटरी बसली. लिथियम टाकू का? कुठली घेऊ?" प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहितो. मेसेज मोठा आहे, पण खरेदीच्या आधी पूर्ण वाचा.

सुरुवात माझ्या फसवणुकीपासून करतो. मागच्या रब्बीत हेडटॉर्चसाठी दोन सेल मागवले. वर ९९०० एमएएच छापलेलं, किंमत इतरांच्या निम्मी. रात्रीची लाईट होती, हरभऱ्याला पाणी चालू होतं. दीड तासात उजेड गेला. बांधावरून चाचपडत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सेल सोनाराच्या काट्यावर ठेवला, तर वजन २६ ग्रॅम! डिप्लोमा केला, पण हे कोणी शिकवलं नव्हतं.

*१) वजन खोटं बोलत नाही*
टॉर्चमध्ये आणि बऱ्याच पंपांच्या पॅकमध्ये जो गोल सेल असतो त्याला १८६५० म्हणतात. म्हणजे जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. चांगल्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. या मापात चांगल्यात चांगल्या कंपनीचा सेलसुद्धा साधारण ३५०० एमएएचपर्यंतच जातो. त्यामुळे ५०००, ९९०० असा आकडा दिसला की सेल परत ठेवा.

पंपाच्या पॅकलाही हाच हिशोब. '१२ व्होल्ट १२ एएच' पॅक असेल तर भारीतले सेल धरले तरी किमान १२ लागतात. १२ गुणिले ४५ म्हणजे ५४० ग्रॅम. साधे सेल असतील तर पॅक याहून जड भरेल. दुकानदार १२ एएच म्हणतो आणि पॅक ३०० ग्रॅमचा असेल, तर आत काय आहे ते समजून घ्या. गावातल्या किराणा दुकानाचा काटा या कामाला पुरतो.

*२) नंबर तपासा*
अशा हाता-पाठीवरच्या यंत्रांच्या लिथियम बॅटरीला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर 'आयएस १६०४६' आणि इंग्रजी आर अक्षरापुढे आठ आकडी नंबर असतो. मोबाईलवर 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप घ्या आणि तो नंबर टाका. कंपनीचं नाव आणि मालाचा प्रकार दिसतो. लेबलवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे. दुसऱ्याचा नंबर छापून माल विकणारेही आहेत, म्हणून नुसता नंबर पाहून थांबू नका.

*३) स्वस्त कोणती, ते असं काढा*
व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॉट-अवर. किमतीला वॉट-अवरने भागा. समजा, एक पॅक ११.१ व्होल्ट ६ एएच, किंमत १६६५ रुपये. दुसरा ११.१ व्होल्ट १० एएच, किंमत २२२० रुपये. पहिला ६६.६ वॉट-अवर, म्हणजे २५ रुपये दर. दुसरा १११ वॉट-अवर, म्हणजे २० रुपये दर. दिसायला महाग तोच खरा स्वस्त. (हे आकडे फक्त हिशोबासाठी आहेत, बाजारभाव नाही.) आणि एखाद्याचा दर बाकीच्यांच्या निम्मा निघाला तर खूश होऊ नका, वजन करा.

*४) लिथियम सगळ्यांनाच लागते असं नाही*
शिसं-ॲसिडची १२ एएच बॅटरी साडेतीन किलोच्या आसपास असते, लिथियम पॅक किलोच्या आत. दिवसभर फवारणी करणाऱ्याच्या पाठीला हा फरक कळतो. पण क्षेत्र दोन-तीन एकर असेल आणि फवारण्या मोजक्या, तर जुन्या पद्धतीची बॅटरी अजूनही परवडते. तिला फक्त रिकामी ठेवू नका. हंगाम संपल्यावर अडगळीत टाकली की ती तिथेच मरते.

*५) चार्जर बदलायचाच*
सगळ्यात मोठी चूक इथे होते. नवीन लिथियम पॅक आणि जुन्याच बॅटरीचा चार्जर. ११.१ व्होल्टच्या पॅकला १२.६ व्होल्टवर थांबणारा चार्जर लागतो. जुना चार्जर १४ व्होल्टच्या पुढे जातो. १२.८ व्होल्टचा लिथियम-फॉस्फेट पॅक असेल तर चार्जर १४.६ व्होल्टचा. पॅक आणि चार्जर जोडीनेच घ्या. पॅकमध्ये बीएमएस, म्हणजे जास्त चार्जिंग तोडणारी पट्टी, आहे का तेही विचारा.

चार्जिंग जागेपणी करा, फरशीवर करा. कापसाच्या गंजीजवळ, सोयाबीनच्या पोत्यांवर, अंथरुणाशेजारी कधीच नाही. फुगलेला, पडून चेपलेला किंवा चार्जिंगला चटका बसेल इतका तापणारा पॅक पुन्हा वापरू नका. धूर निघाला तर आधी मेन स्विच बंद करा, माणसं बाहेर काढा. बॅटरी उचलायला जाऊ नका, तो धूर विषारी असतो.

*६) पहिल्याच दिवशी परीक्षा*
पूर्ण चार्ज करा, टाकीत साधं पाणी भरा आणि बॅटरी संपेपर्यंत किती पंप होतात ते मोजा. आकडा आणि तारीख पॅकवर लिहून ठेवा. कमी भरला तर बदलून घ्यायची मुदत हातात असते. त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल पाहिजे. बिल नाही तर वॉरंटी नुसती तोंडी. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

हंगाम संपला की लिथियम पॅक साधारण निम्मा चार्ज करून सावलीत ठेवा, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. खराब झालेला पॅक उकिरड्यावर किंवा जाळात टाकू नका, विक्रेत्याकडे परत द्या.

ज्यांना बॅटरी घ्यायची आहे त्यांनी नाव, गाव, पंपाचे व्होल्ट आणि बॅटरीच्या कप्प्याची लांबी-रुंदी-उंची या नंबरवर पाठवा. मागणी एकत्र झाली की कंपनीमार्फत भाव करता येईल. माल आला की वजन आणि पाण्याची परीक्षा आपल्या केंद्रावर सगळ्यांसमोर करू. नापास झालेला माल त्याच गाडीने परत.

फवारणीच्या मधेच पंप बंद पडला की औषधही वाया आणि दिवसाची मजुरीही. तेवढ्यासाठी पाच मिनिटं काट्याजवळ उभे राहा.

आपला,
कृषी सल्लागार