मुस्ता, सेड्रॉल आणि डासांची अंडी

ज्वरात षडंगपानीय देताना आपण जिच्यावर विसंबतो, त्या मुस्तेच्या कंदाशी डासांच्या प्रजननाचा एक धागा जोडलेला आहे, ही बाब वैद्यवर्गाने अवश्य ध्यानात घ्यावी अशी आहे.

डासाची मादी दिसेल त्या पाण्यात अंडी घालीत नाही. पाण्याच्या गंधावरूनही ती जागा पारखते. पूर्व आफ्रिकेत हिवताप पसरविणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस गँबी डासाच्या माद्यांना विशिष्ट मातीच्या पाण्याकडे ओढणारे द्रव्य म्हणजे सेड्रॉल, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. पुढे २०१६ मध्ये मोथ्याच्या कंदावरील बुरशी हे द्रव्य निर्माण करते, असे आढळले. म्हणजे जो गंध वनस्पतीचा म्हणून गणला जावा, तो प्रत्यक्षात तिच्या सहवासातील बुरशीचा!

यावरून मुस्ताचूर्णाच्या बरणीकडे संशयाने पाहण्याचे मुळीच कारण नाही. तो डास भारतातला नव्हे. आपल्या शहरी भागांत हिवताप पसरविणारा अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामावरील साठविलेल्या पाण्यात वाढतो. तथापि कुजणाऱ्या वनस्पतीचा गंध इतर डासांनाही खुणावतो. बांबूची पाने कुजविलेल्या पाण्यातील जीवाणूंशी निगडित मेदाम्ले डेंग्यूवाहक एडिस इजिप्तीला अंडी घालण्यास उद्युक्त करतात, हे २००८ साली दाखविले गेले. गवत कुजलेल्या पाण्यातील स्कॅटोल क्युलेक्सला आकर्षित करते.

आता ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपापल्या चिकित्सालयाच्या वा औषधशाळेच्या मागील बाजूस नजर टाकावी. काढ्याचा चोथा टाकलेली उघडी बादली, विसरलेले भिजवणीचे पातेले, त्यांत साचलेले आषाढाचे पाणी! डासांसाठी याहून उत्तम निमंत्रण ते कोणते? उष्ण दमट हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून चोथा निथळून त्याच दिवशी खतात घालावा व भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत. केवळ पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या स्थितीत कित्येक महिने तग धरतात.

अशा आकर्षक पाण्याचा सापळा करण्याची कल्पना मोहक आहे खरी. परंतु त्यात अळीनाशक नसेल किंवा बाहेर पडणारा डास रोखणारी जाळी नसेल, तर आपण डासांचे पाळणाघरच उघडतो. असे प्रयोग महानगरपालिकेच्या हिवताप विभागाच्या देखरेखीशिवाय करू नयेत.