बडोद्याचं पाणी समुद्रात गेल्यावर

बडोद्याहून जंबुसरमार्गे कावी-कंबोईला जाणारे बहुतेक जण स्तंभेश्वराच्या दर्शनाला जातात. भरतीला समुद्र पिंडीवरून जातो, ओहोटीला मागे सरतो. तिथला समुद्र निळा नाही, बाराही महिने मातकट आहे. नद्यांतून येणारी खतं आणि सांडपाणी या आखातात काय करतात, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या गढूळपणापासूनच करावी लागते.

आधी वाट पाहू. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री शहरातून वाहते, पिंगलवाड्याजवळ ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. उत्तरेकडून मही येते, दक्षिणेला नर्मदा. शिवाय शहराभोवतीच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी धनोऱ्यापासून सुमारे ५५ किलोमीटरच्या एका वेगळ्या कालव्यातून सारोदला, महीच्या मुखाशी पोचतं. हा कालवा १९८३ साली सुरू झाला. बडोदं समुद्रापासून दूर आहे हे फक्त अंतरापुरतं खरं.

या पाण्यात समुद्राच्या दृष्टीनं तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात. नायट्रोजन शेतातल्या युरियातून आणि मैल्यातून येतो, फॉस्फरस खत, मैला आणि कपडे धुण्याच्या पावडरीतून, तर सिलिका डोंगराच्या झिजलेल्या दगडातून. पहिल्या दोन माणसामुळे वाढल्या आहेत, तिसरी वाढलेली नाही. हा फरक पुढे कामाला येईल.

मैल्यातला नायट्रोजन आधी अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्यासाठी एका ग्रॅम नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅमच्या आसपास प्राणवायू खर्च होतो. २८ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे लिटरमध्ये दोन मिलिग्रॅम अमोनियाचा नायट्रोजन असला, तरी हवेतून भर पडल्याशिवाय तो प्राणवायू पुरत नाही. उन्हाळ्यात नदीत सांडपाण्याखेरीज फारसं काही वाहत नसतं, तेव्हा मासे का गुदमरतात ते या हिशेबात दिसतं.

फॉस्फरसची तऱ्हा निराळी. तो मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतो. नदीचं गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की बारीक कण एकमेकांना धरून जड होतात आणि बसतात. त्यांच्याबरोबर फॉस्फरसही तळाला जातो. पण तो तिथं कायमचा राहत नाही. चिखलातला प्राणवायू संपला की फॉस्फेट सुटून पुन्हा पाण्यात येतं. म्हणून खाडीचा तळ जुन्या वर्षांचं देणं बाळगून असतो.

एवढं पोषण असताना आखात शेवाळानं हिरवं का होत नाही? कारण उजेड. खंभातचं आखात उत्तरेकडे निमुळतं होत जातं. त्यामुळे भावनगरकडे उधाणाची भरती दहा मीटरच्या वर चढते, आणि दिवसातून दोनदा होणारी ही ये-जा तळाचा चिखल ढवळत राहते. सूर्यप्रकाश फार खाली उतरतच नाही. डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पतींसमोर अन्न असतं, पण ते वापरायला लागणारा उजेड नसतो. इथली गफलत मला फार घातक वाटते. आखात हिरवं झालं नाही, म्हणजे त्याला काही झालं नाही, असं मानलं जातं. खरं तर न वापरलेलं नायट्रेट भरती-ओहोटीच्या हेलकाव्यांत सरकत सरकत दक्षिणेला, पाणी निवळतं तिकडे जातं. परिणाम फक्त जागा बदलतो.

नदीच्या पाण्यानं किती फरक पडतो हे पाहायला आपल्याजवळच एक उदाहरण आहे. बडोदे संस्थानाकडे ओखामंडळ होतं. सयाजीरावांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या समुद्रजीवांची पाहणी करवून घेतली, तिचा पहिला भाग १९०९ साली निघाला. तो किनारा कच्छच्या आखाताच्या तोंडाशी आहे. कच्छच्या आखातात मोठी बारमाही नदी येत नाही, म्हणून त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रवाळ टिकले. १९८२ मध्ये तिथं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. खंभातमध्ये चार मोठ्या नद्या गाळ आणतात. तिथं प्रवाळ नाहीत, पण चिखलात आणि गढूळ पाण्यात पोसणारी कोळंबी आणि बोंबील आहेत. नदी समुद्राला बिघडवतेच असं नाही. कुठला जीव तिथं राहील हे ती ठरवते.

म्हणूनच नदी अडवली तरी समुद्र बदलतो. महीवर वणाकबोरीचा बंधारा आणि कडाणा धरण झालं. नर्मदेवर सरदार सरोवर धरण २०१७ मध्ये १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीनं वापरात आलं. साठलेल्या पाण्यात गाळ बसतो. पाणी निवळलं की जलाशयातलेच डायटम सिलिका वापरून तळाला जातात. खाली नायट्रोजन मात्र शेतांतून आणि शहरांतून येतच राहतो. डायटमना नायट्रोजनइतकीच सिलिका लागते. ती कमी पडली की त्यांची जागा सिलिका न लागणारे प्लवक घेतात, आणि त्यांतले बरेचसे माशांच्या पिल्लांना तितके मानवत नाहीत. हिलसा, म्हणजे कोकणातला पाला, अंडी घालायला पावसाळी पुराच्या वासावर नर्मदेत चढतो. पूरच घटला तर त्याला वर बोलावणारं काही उरत नाही. भरूचच्या मच्छीमारांच्या रिकाम्या जाळ्यांत हे सगळ्यात आधी दिसलं.

आखाताबाहेरच्या समुद्रातली परिस्थिती आधीच नाजूक आहे. पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगत खोल, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकतं आणि वरचा गोड्या पाण्याचा थर त्याला हवा लागू देत नाही. हे निसर्गतःच होतं. मात्र समुद्रशास्त्रज्ञ नक्वी आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की प्राणवायूची ही टंचाई तीव्र होत असावी आणि त्यामागे किनाऱ्यावरून येणारा नायट्रोजन असू शकतो.

काळ्या समुद्रात हे सगळं आपल्याआधी घडून गेलं आहे. डॅन्यूबवर १९७२ मध्ये आयर्न गेट्स धरण झालं, खतांचा वापरही वाढत गेला, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत वायव्येकडच्या उथळ भागात तळाचे जीव मोठ्या प्रमाणावर मेले. १९९० नंतर पूर्व युरोपातली शेती कोसळली, खत कमी झालं आणि प्राणवायूविना असलेला भाग काही वर्षांत आकसला. तळाचे शिंपले आणि शेवाळाची कुरणं मात्र त्या वेगानं परतली नाहीत.