सैन्याचा दूरध्वनी

शांततेच्या काळी दूरध्वनी मध्येच बंद पडला, तर माणूस थोडा त्रासतो आणि पुन्हा क्रमांक लावतो. रणांगणावर तसे चालत नाही. माघारीचा हुकूम दोन मिनिटे उशिरा पोहोचला, तर एखादी तुकडी प्राणास मुकते. म्हणूनच सैन्यासाठी दूरध्वनीची यंत्रणा पारखून घेणे, हे मोठ्या जोखमीचे काम होय.

पूर्वी प्रत्येक संभाषणासाठी दोन टोकांमध्ये एक स्वतंत्र मार्ग राखून ठेवावा लागे. इंटरनेटवरील दूरध्वनीची तऱ्हा निराळी आहे. तेथे आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन त्यांचे आकडे बनवितात. हे आकडे लहान लहान पाकिटांत भरले जातात आणि साधारणतः सेकंदाला ५० पाकिटे रवाना होतात. वाटेत काही मागे पडतात, काही हरवतात. पलीकडचे यंत्र जी हाती येतील ती क्रमाने लावून त्यांतून पुन्हा आवाज घडविते. आवाज पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून फार अधिक वेळ लागला, की बोलणारे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत बोलावयाचे, तर नुसत्या जाण्यायेण्यातच याहून अधिक काळ जातो. त्यावर कोणत्याही सॉफ्टवेअरपाशी इलाज नाही!

१९९९ साली अमेरिकेतील मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या छोट्या व्यवसायासाठी दूरध्वनी-यंत्रणा हवी होती. ती विकत घेणे परवडेना, म्हणून त्याने 'ॲस्टरिस्क' नावाचे सॉफ्टवेअर स्वतःच लिहिले आणि सर्वांना खुले केले. अशा सॉफ्टवेअरला 'मुक्तस्रोत' म्हणतात. त्याची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, तपासावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलावी.

पण मग ती शत्रूही वाचणार नाही काय? अवश्य वाचील. या शंकेचे उत्तर फार जुने आहे. ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या पंडिताने १८८३ मध्येच फ्रान्समधील एका लष्करी नियतकालिकात असे प्रतिपादन केले होते, की गुप्तलेखनाची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. कुलपाची रचना लोहाराला ठाऊक असते, म्हणून काही घर लुटले जात नाही.

तथापि खुले ते सारे तपासलेले, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. 'ओपनएसएसएल' या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये एक घातक चूक दोन वर्षे लपून राहिली होती. ती २०१४ मध्ये उघडकीस आली. आज्ञावली सर्वांसमोर होती, पण ती बारकाईने वाचणारे डोळे थोडे होते. शिवाय बोलणे गुप्त लिपीत असले, तरी कोण कोणाला केव्हा हाक देतो, एवढ्यावरूनही शत्रू बरेच काही ताडतो. परीक्षकाला हेही पाहावे लागते.

सर्वांत कठीण कसोटी मात्र वेगळीच आहे. कचेरीतील दूरध्वनीचा न्याय साधा असतो: जो आधी आला, त्याला मार्ग मिळाला. सैन्यात हा न्याय घातक ठरतो. अमेरिकन सैन्याने १९६० नंतरच्या दशकात 'ऑटोव्हॉन' नावाचे दूरध्वनी-जाळे उभारले. त्याच्या यंत्रांवर नेहमीच्या बारा कळांशेजारी आणखी चार कळा होत्या. साध्या संभाषणासाठी त्यांची गरज नसे. त्याहून वरच्या चार श्रेणींसाठी मात्र एकेक कळ राखलेली असे. सर्वांत वरची श्रेणी राष्ट्राध्यक्ष आणि मोजके सर्वोच्च अधिकारी यांचीच. मार्ग रिकामा नसला, तर खालच्या श्रेणीचे चालू संभाषण इशाऱ्याचा सूर वाजून तुटे.

२००६ साली इंटरनेट-दूरध्वनीच्या नियमांतही या श्रेणी दर्शविण्याची सोय झाली. परंतु कागदावरील नियम आणि चालते यंत्र यांत अंतर असते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फोर्ट वाचूका येथे सैन्याच्या दूरध्वनी-यंत्रणा तपासणारे केंद्र आहे. ही कसोटी घ्यावयाची, तर प्रथम सर्व मार्ग साध्या संभाषणांनी भरून टाकावे लागतात. मग वरच्या श्रेणीची एकच हाक सोडावयाची, आणि कोणते संभाषण तुटते, ते ऐकावयाचे.