देवाची वाणी : ओळख, पारख आणि आज्ञापालन
(ख्रिस्ती परंपरेतील एका प्रश्नाचे पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या संदर्भात विवेचन)

बीजसंज्ञा : देवाची वाणी, पारख, आज्ञापालन, सदसद्विवेक, चर्चचा अधिकार, पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक.

प्रास्ताविक

मराठीतील 'ऐकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानावर पडलेला शब्द ग्रहण करणे हा एक आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हा दुसरा. 'मुलगा माझे ऐकत नाही' असे आई म्हणते, तेव्हा तिची तक्रार मुलाच्या श्रवणशक्तीविषयी नसते. बायबलच्या मूळ भाषांतही हीच सांगड आढळते. हिब्रूतील 'शामा' या धातूने ऐकणे व मानणे या दोन्ही क्रियांचा बोध होतो. ग्रीकमधील 'हुपाकुओ' म्हणजे आज्ञा पाळणे हे क्रियापद 'अकुओ' म्हणजे ऐकणे यावरूनच सिद्ध झाले आहे. म्हणूनच देवाची वाणी ओळखणे आणि ती पाळणे हे ख्रिस्ती साधनेत दोन स्वतंत्र विषय मानले गेलेले नाहीत.

तथापि येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. 'देवाने मला असे सांगितले' हे विधान उच्चारले गेले की पुढची चर्चा बहुधा खुंटते. वक्ता प्रामाणिक असेल तर त्याला खोटे ठरवणे योग्य वाटत नाही. तो प्रामाणिक नसेल तर त्याला तपासण्याचे साधन हाती नसते. १९७८ मध्ये गयानातील जोन्सटाउन येथे एका धर्मपुढाऱ्याच्या आदेशावरून नऊशेहून अधिक माणसांचा अंत झाला. त्यांतील कित्येकांनी आपण देवाचेच ऐकत आहोत असे मानून आपले सर्वस्व त्या माणसाच्या स्वाधीन केले होते. तेव्हा वाणी कोणाची, हे कसे ठरवावे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न केवळ भाविकांपुरता राहत नाही.

देव बोलतो की नाही, या तत्त्वज्ञानातील वादात प्रस्तुत लेख शिरत नाही. बोलतो असे मानणाऱ्या परंपरेने खरी वाणी व भास यांत भेद कसा केला, एवढाच येथे विचार केला आहे. माझ्या मते या परंपरेच्या उत्तम भागात एक सूत्र सातत्याने दिसते : वाणी ओळखण्यासाठी माणसाला इतरांचे साहाय्य लागते, मात्र त्याच्या ऐवजी इतर कोणी ऐकू शकत नाही. साहाय्य आणि बदली यांतील सीमारेषा पुसली गेली की अनर्थ होतो.

शमुवेल आणि एली

या विषयावरील बायबलमधील सर्वांत बोलकी कथा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात येते. शिलो येथील मंदिरात वृद्ध याजक एली याच्या हाताखाली शमुवेल हा मुलगा सेवा करीत असतो. त्या काळी देवाचे वचन दुर्मीळ झाले होते, असे कथाकार आरंभीच सांगतो. रात्री मुलाला हाक ऐकू येते. एलीने बोलावले असे समजून तो त्याच्याकडे धावतो. एली त्याला परत पाठवतो. असे तीनदा घडते. तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते की ही हाक आपली नव्हे. पुन्हा हाक आली तर ऐकण्यास सिद्ध असल्याचे उत्तर दे, असे तो मुलाला शिकवतो.

या कथेवरील प्रवचनांत बालकाच्या तत्परतेचे कौतुक पुष्कळ होते. माझ्या दृष्टीने कथेचा भार एलीवर आहे. शमुवेलाला वाणी ऐकू येते, परंतु ओळखता येत नाही. एलीला ती ऐकू येत नाही, परंतु तो ओळखू शकतो. अनुभव एकाचा आणि अनुभवाचे नाव दुसऱ्याने दिलेले, अशी ही रचना आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, मुलाला जो निरोप मिळतो तो एलीच्याच घराण्याच्या नाशाचा असतो. सकाळी शमुवेल तो सांगण्यास भितो. एली काहीही न लपवता सांगण्याचा आग्रह धरतो आणि ऐकल्यावर तो निरोप देवाचा म्हणून स्वीकारतो. आपल्याविरुद्ध जाऊ शकेल अशी वाणी ऐकायला शिष्याला शिकवणे आणि ती तशी निघाली तरी तिला नाकारणे नाही, हे गुरुत्वाचे लक्षण येथे दिसते. एली पुत्रांच्या बाबतीत दुबळा पिता ठरला. परंतु मार्गदर्शक म्हणून त्याने मुलाची जागा स्वतः घेतली नाही.

याच्या नेमकी उलट कथा १ राजे, अध्याय १३ मध्ये आहे. यहूदातून आलेल्या एका देवाच्या माणसाला वाटेत कोठेही अन्नपाणी न घेण्याची आज्ञा असते. एक वृद्ध संदेष्टा त्याला गाठतो आणि देवदूताने मला निराळे सांगितले आहे, असे खोटेच सांगून घरी जेवायला नेतो. परतीच्या वाटेवर सिंह त्या माणसाला ठार करतो. कथा कठोर आहे आणि फसवणाऱ्यापेक्षा फसलेल्याला शिक्षा का, हा प्रश्न वाचकाला छळतो. पण स्वतः ऐकलेले सोडून, केवळ वय व पद पाहून दुसऱ्याचे ऐकणे हा तिचा विषय आहे, याबद्दल संशय राहत नाही.

पारखण्याच्या रीती

नव्या करारात हा विचार अधिक सामूहिक रूप धारण करतो. प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता तो पारखून घ्यावा, असे योहानाच्या पहिल्या पत्रात बजावले आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ मध्ये पौलाला रात्री मासेदोनियातील एका माणसाचा दृष्टान्त होतो. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला. मात्र देवाने आपल्याला तिकडे बोलावले आहे, हे अनुमान 'आम्ही' काढले, असे तेथे अनेकवचनात नमूद आहे. हा वचनबदल सहज डोळ्यांआड होतो.

पुढील काळात या पारखीचे सर्वांत सूक्ष्म शास्त्र इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने रचले. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी होऊन अंथरुणाला खिळला असता त्याला स्वतःच्या मनाविषयी एक निरीक्षण करता आले. शौर्याच्या व दरबारी प्रेमाच्या कल्पना रंगवताना त्याला आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांच्या मार्गाने जाण्याचे विचार मात्र ओसरल्यावरही समाधान मागे ठेवीत. विचार कसा आला यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरले, हे त्याने पाहिले. १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात यावरून नियम सिद्ध झाले. मन उदास व शुष्क असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये, हा त्यांतील एक. चांगल्या वाटणाऱ्या प्रेरणेचाही आरंभ, मध्य व शेवट तपासावा, हा दुसरा. साधकाबरोबर मार्गदर्शक असतो. परंतु त्याने साधकाला कोणत्याही एका निर्णयाकडे झुकवू नये, असेही तेथे बजावले आहे. (१६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' सिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स हे याच जेझुइट संघाचे. मराठीच्या अभ्यासक्रमात त्यांची ओवी शिकवली जाते, या साधनापद्धतीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.)

वाँटेजचा पत्रव्यवहार

हे सूत्र कसोटीला लागलेले पाहायचे तर पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राकडे वळावे लागते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक माता झाल्या. त्यांना 'आजीबाई' म्हणण्याइतकी जवळीक होती. १८८४ नंतर रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत व शिकवत असताना या नात्यावर ताण आला.

निमित्ते वरकरणी लहान होती. रमाबाई पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास तयार होत्या. भारतातील बिशपांना ते अनुचित वाटले. भारतात पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिलेल्या विदुषीला या हरकतीचे आश्चर्य वाटले नसते तरच नवल! क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नकोत, असाही प्रश्न त्यांनी केला. खरा वाद मात्र त्रैक्यासारख्या सिद्धान्ताविषयी होता. चर्चने सांगितले म्हणून ते मान्य करावे, असा सिस्टर जेराल्डिन यांचा आग्रह. त्यावर १८८५ मधील पत्रांत रमाबाईंनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवले, आता दुसऱ्या पुरोहितांचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून स्वीकारून तसेच जू घेणार नाही, असा त्याचा आशय आहे.

या पत्रांचा उल्लेख सामान्यतः स्त्रीस्वातंत्र्याच्या वा वसाहतवादविरोधाच्या अंगाने होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु रमाबाई येथे आज्ञापालन नाकारत नाहीत, हे निसटता कामा नये. देवाची आज्ञा पाळलीच पाहिजे, हे त्यांना मान्य आहे; देवाच्या वतीने बोलणाऱ्यांची आज्ञा म्हणजे देवाची आज्ञा, हे समीकरण त्यांना अमान्य आहे. सिस्टर जेराल्डिन यांना या भूमिकेत अहंकार दिसला. त्यांची काळजी सर्वस्वी निराधार होती, असे म्हणवत नाही. शतकानुशतकांच्या चिंतनातून घडलेला सिद्धान्त नवदीक्षित व्यक्तीने दोन वर्षांत नाकारावा, याची धास्ती कोणाही शिक्षकाला वाटेल. तरीही एलीचे धैर्य त्यांना दाखवता आले नाही.

रमाबाईंनी स्वतःच्या मतालाही अंतिम मानले नाही. १९०७ च्या आत्मकथनपर पुस्तिकेत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना असे उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे. त्रैक्याविषयीची त्यांची भूमिकाही नंतर बदलली. चर्चच्या दडपणाखाली जे स्वीकारले नाही, ते पुढे वाचन, प्रार्थना व अनुभव यांतून स्वीकारले. यात विसंगती शोधणाऱ्यांना मला एवढेच विचारावेसे वाटते की, पारख म्हणतात ती याहून निराळी कशी असते?

घरातला प्रश्न

हाच प्रश्न संसारात कसा उभा राहतो, याचे दर्शन लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त घडते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांना आलेली हाक त्यांच्यापुरती निःसंशय होती. पत्नीला मात्र ती हाक आली नव्हती. तिच्या वाट्याला विरह, नातलगांची बोलणी आणि अनिश्चितता आली. त्या काळच्या कल्पनेनुसार पतीच्या पाठोपाठ जाणे हाच धर्म ठरला असता. लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, पण धर्म बदलून नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपला आपणच सोडवला आणि उत्तर सापडताच अन्नपाण्याचा विटाळ टाकून दिला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधली पाच वर्षे म्हणजे एकाची हाक दुसऱ्याला केवळ साक्ष म्हणून मिळते, आज्ञा म्हणून नव्हे, याचे प्रत्यक्ष उदाहरण होय.

दुष्काळ, जागृती आणि भाषांतर

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील अनाथ मुली व विधवा यांची दैना रमाबाईंच्या कानी आली. शारदा सदनाचा भार डोक्यावर होता, अमेरिकेतील साहाय्यक मंडळाचा दहा वर्षांचा वायदा संपत आला होता आणि १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतल्यामुळे पुण्यातील पाठबळही तुटले होते. तरीही त्या गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचे 'मुक्ती' त्यातूनच वाढले. रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून गेले होते. स्वतःची ही आठवण आणि देवाची हाक यांना त्यांनी वेगळे काढल्याचे दिसत नाही. वाणी आकाशातूनच यावी, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. ओळखीचे दुःख पुन्हा समोर उभे राहणे, हीही त्यांच्या लेखी हाकच होती.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत मोठी आध्यात्मिक जागृती झाली. अश्रू, सामूहिक प्रार्थना, अपरिचित भाषांत बोलणे असे अनेक प्रकार घडले. अशा प्रसंगी संस्थाचालकाने एक तर सर्व दडपावे किंवा सर्वांवर शिक्का मारावा, असे सहसा होते. रमाबाईंनी दोन्ही टाळले. त्या दानांना त्यांनी तुच्छ लेखले नाही, पण अन्य भाषेत बोलणे हीच पवित्र आत्म्याची आवश्यक खूण आहे, हे मत त्यांनी स्वीकारले नाही. आवश्यक खूण एकच, ती म्हणजे प्रीती, असे त्यांचे म्हणणे होते. मुली प्रार्थनेनंतर कशा वागतात, कामाला कशा लागतात, एकमेकींना कसे सांभाळतात, याकडे पाहणारी ही कसोटी इग्नेशियसच्या 'मागे काय उरले' या प्रश्नाच्या फार जवळ येते, जरी दोघांच्या पंथांत मोठे अंतर असले तरी.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक आत्मसात करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. 'सरस्वती' ही पदवी मिळवलेल्या या संस्कृतज्ञ विदुषीने पांडित्याची भाषा जाणीवपूर्वक बाजूला ठेवली आणि नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेड्यातील बाईला स्वतः वाचता येईल अशी मराठी निवडली. छपाईचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.