अफरातफर, अपहार, गहाळ: सरकारी वस्तूंच्या नोंदीतील तीन शब्द

जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीतील अंक व प्रत्यक्ष मोजणीचा अंक यांचा मेळ बसला नाही, म्हणजे लेखनिकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो शब्दाचा. झाले त्यास म्हणावयाचे काय?

‘अफरातफर’ हा शब्द सर्वांत बोलका होय. अरबीतील ‘इफ्रात’ म्हणजे आधिक्य व ‘तफ्रीत’ म्हणजे न्यूनता. ही जोडी फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. हिंदीत तिला गोंधळाचा अर्थ प्राप्त झाला. मराठीत ती हिशेबास चिकटून राहिली. साठ्याच्या पडताळणीतही वाढ आणि तूट ही दोन्ही पाहावी लागतात. वाढ ही तुटीइतकीच संशयास्पद असते, याचा विसर मात्र पुष्कळांना पडतो.

‘अपहार’ म्हटले की अपहार करणारा कोण, हे सांगणे ओघाने आलेच. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजद्रव्याच्या हरणाचे 40 उपाय सांगितले आहेत. त्यांतील कित्येक उघड चोरीचे नसून लेखणीचे आहेत: आधी आलेले मागाहून लिहिणे, मागाहून आलेले आधी दाखविणे, एकाच्या जागी दुसरे मांडणे.

‘गहाळ’ची गोष्ट निराळी. ‘यंत्र गहाळ झाले’ या वाक्यात यंत्र हाच कर्ता. जणू ते आपल्या पायांनी निघून गेले! व्याकरणाची ही सोय कोणाच्या पथ्यावर पडते, हे सांगावयास नको. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 अन्वये फौजदारी विश्वासघात शाबित होण्यासाठी वस्तू त्या इसमाच्या स्वाधीन केली होती, हे दाखवावे लागते. लोकसेवकास त्याबद्दल आजन्म कारावासापर्यंत शिक्षा होऊ शकते. परंतु वस्तू नेणाऱ्या वरिष्ठाची सहीच नोंदवहीत नसेल, तर त्याच्यावरील आरोप टिकावा कसा? मग वसुलीचा रोख भांडारातील कनिष्ठाकडे वळतो.

ताबा एकाकडे व लेखा दुसऱ्याकडे, ही व्यवस्था आपल्याकडे जुनीच आहे. शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे तीन निराळे अधिकारी असत. कोठाराचा कारभार कारखानिसाकडे असे. केंद्र शासनाच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही वर्षातून किमान एकदा, वस्तूंचा ताबा असलेल्या अधिकाऱ्याच्या समक्ष, पडताळणी सांगितली आहे.

गैरवापर मात्र अशा मोजणीत सापडत नाही. सरकारी मोटार लग्नाची वरात करून परतली तरी गणतीत ती एकच भरते. तिच्यासाठी लॉगबुक ठेवावे लागते, व त्यात प्रवासाचे कारण आणि किलोमीटर प्रवास करणाऱ्याच्या सहीनिशी त्याच दिवशी लिहावे लागतात.