झांकलें जाणारें काम

आमच्या सोलापुरांत चैत्र लागला कीं दुपारच्या उन्हापेक्षां रात्रीच्या छताचेंच भय अधिक वाटूं लागतें. ऊन दारें-खिडक्या लावून बाहेर ठेवतां येतें. पण दिवसभर तापलेलें छत रात्रीं दहा वाजतां विस्तवाच्या परातीसारखें डोक्यावर असतें, त्याला दार कोठलें लावणार? ज्यांचीं घरें एकमजली आहेत, किंवा जे अगदीं वरच्या मजल्यावर राहतात, त्यांना हें सांगावयास नको. या छताचा बंदोबस्त करण्यासाठीं आम्हीं एकदां ठेकेदार लावला व फसलों. दुसऱ्यांदां लावला तेव्हां कोठें शहाणे झालों. ती हकीकत कोणास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. दोषाचा मोठा वांटा आमच्याकडेच येतो, हें वाचकांस पुढें दिसेलच.

आमचें वडिलोपार्जित घर माळवदाचें होतें. जाड लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर वीतभर मातीचा थर. मृग लागण्यापूर्वीं दरसाल वडील स्वतः माळवदावर उभे राहून पांढऱ्या मातीचा नवा थर देववीत. अशा थरांतून उष्णता फार सावकाश उतरते. दुपारचें ऊन आंत पोंचेपर्यंत रात्र होई, आणि तोंवर घरांतील सारीं माणसें माळवदावरच अंथरुणें टाकून निजलेलीं असत. वडिलांच्या पश्चात् 1986 सालीं गळतीला व वाळवीला कंटाळून आम्हां बंधूंनीं तें उतरविलें आणि पांच इंची स्लॅब घातला. स्लॅब टिकाऊ खरा. परंतु त्या मातीबरोबर आपण काय टाकून दिलें, हें कळावयास आम्हांस छत्तीस वर्षें लागलीं.

2022 सालच्या वैशाखांत आमच्या आत्याबाई, वय वर्षें चौऱ्यायशी, रात्रीं पाणी पिण्यास उठल्या आणि उंबऱ्याशीं भोंवळ येऊन पडल्या. डॉक्टरांनीं सलाईन लाविलें व बाहेर येऊन म्हणाले, “गुरुजी, औषध मी देईन; पण यांच्या खोलीचें छत तुम्ही थंड करा. दिवसा अंग तापतें तें रात्रीं निवलें नाहीं, तर या वयांत तें झेपत नाहीं.” हवा थंड करण्याचें यंत्र बसवावें, असें सूनबाईंनीं सुचविलें. पण तापलेल्या छताखालीं तें अखंड राबणार, आणि वीज गेली कीं पुन्हां तेंच. तेव्हां छतावरच उपाय करावयाचा असें ठरलें.

ठेकेदार शोधण्यास आम्ही दूर गेलों नाहीं. आमच्याच हाताखालीं शिकलेला एक विद्यार्थी गच्चीचीं कामें घेत असे. तो आला, ओसरीवर बसून चहा घेतला, मोबाईलवर चौरस फुटांचा हिशेब केला आणि म्हणाला, “सर, तुम्ही निश्चिंत राहा. पन्नास मिलिमीटरची पाटी घालतों, वर कोबा आणि पांढरी फरशी. तुमच्याकडून का जास्त घेणार आहें?” चिरंजीव म्हणाले, “कागद करून घेऊं.” आम्ही त्यांच्यावर रागावलों. ज्याला पाढे शिकविले त्याच्याशीं करारनामा करावयाचा? निम्मी रक्कम त्याच दिवशीं दिली. आठ दिवसांत काम उरकलें. गुडघे दुखतात या सबबीवर आम्ही एकदांच वर गेलों, आणि तेंही फरशी लागल्यावर. पांढरीशुभ्र गच्ची पाहून समाधानानें खालीं उतरलों.

पावसाळ्यांत आत्याबाईंच्या खोलींत भिंतीच्या कडेनें ओल उतरली. 2023 च्या वैशाखांत छत जवळजवळ पूर्वींइतकेंच तापूं लागलें, आणि आत्याबाईंना धाकट्या बंधूंच्या घरीं हलवावें लागलें. पन्नास वर्षें ज्या घरांत राहिल्या तें घर आणि आपले देव सोडून जातांना त्या कांहीं बोलल्या नाहींत, हेंच आम्हांस अधिक लागलें.

शेवटीं चिरंजीवांनीं दोन जागीं फरशी उखडून पाहिली. एका जागीं लग्नाच्या मांडवांत नक्षीसाठीं कापतात तसला ठिसूळ थर्मोकोल, चेपून बोटभर झालेला आणि पाण्यानें भिजलेला. दुसऱ्या जागीं तोही नाहीं, नुसते विटांचे तुकडे. विद्यार्थ्यास बोलाविलें. तो मान खालीं घालून म्हणाला, “सर, जो दर सांगितला त्यांत खरी पाटी बसत नव्हती, जास्त सांगितला असता तर काम गेलें असतें. तुम्ही एकदां जरी वर आलां असतां, तरी माझा हात धजला नसता.” आम्ही रागाच्या भरांत पुष्कळ बोललों. आत्याबाईंच्या कानावर हें गेलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, शाळेंत तूं वह्या न तपासतांच गुण देत होतास काय?” आम्हांजवळ त्यास उत्तर नव्हतें.

रंग वाईट लागला तर डोळ्यांना दिसतो, दार वांकडें बसलें तर अडतें. पण उष्णता अडविणारा थर एकदां झांकला गेला, म्हणजे तो खालीं आहे कीं नाहीं हें पुढच्या उन्हाळ्याखेरीज कोणी सांगूं शकत नाहीं. तेव्हां जें तपासावयाचें तें झांकण्यापूर्वीं तपासलें पाहिजे. मागाहून केलेला संताप म्हणजे गतोदकसेतुबंधन, पाणी वाहून गेल्यावर बांध घालणें.

दुसऱ्या खेपेस आम्हीं प्रथम विषय समजून घेतला. सोलापूरच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य मध्यान्हीं नेमका माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहींशी होते, हें आम्ही शाळेच्या अंगणांत मुलांना दाखवीत असूं. त्या दिवसांत भिंतींपेक्षां गच्चीवरच ऊन अधिक पडतें. काँक्रीट तें दिवसभर पितें आणि रात्रभर खालीं सोडतें. यावर उपाय दोन.

पहिला उपाय ऊन परतवून लावण्याचा: चुन्याचा हात, पांढरा परावर्तक रंग, किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. अहमदाबादेंत 2010 सालच्या उष्म्याच्या लाटेंत मोठी प्राणहानि झाली. त्यानंतर तेथील महानगरपालिकेनें 2013 सालीं उष्म्याशीं झगडण्याची योजना आखली, आणि पुढें गरीब वस्त्यांतील छतें पांढरीं करण्याचें कामही हातीं घेतलें. आमच्या शेजारच्या तेलंगण राज्यानें 2023 सालीं शीतल छतांचें धोरणच जाहीर केलें. ज्यांना अधिक खर्च शक्य नाहीं त्यांनीं एवढें तरी अवश्य करावें. मात्र पांढऱ्यावर धूळ बसली कीं त्याचा गुण कमी होतो. गच्ची वरचेवर धुवावी आणि चुना दरसाल नव्यानें द्यावा.

दुसरा उपाय उष्णता अडविण्याचा. त्यासाठीं एक्सपीएस नांवाच्या दाट, कडक फेसाच्या पाट्या मिळतात. काँक्रीटच्या मानानें या पाटींतून उष्णता सुमारें पन्नासाव्या हिश्श्यानेंच वाहते. म्हणजे दोन इंची पाटी जें काम करते त्यासाठीं काँक्रीट दोन-अडीच मीटर जाड घालावें लागेल. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2018 सालच्या ‘इको-निवास संहिते’नें छतांतून आंत येणाऱ्या उष्णतेला, दर चौरस मीटरास व तपमानाच्या दर अंश फरकास 1.2 वॅट, अशी मर्यादा घातली आहे. उघडा स्लॅब या मर्यादेच्या अडीच-तीनपट उष्णता आंत सोडतो. 50 मिलिमीटरची चांगली पाटी नीट बसविली तर ती मर्यादेच्या निम्म्यावर येते.

पाटी स्लॅबच्या वरच्या अंगास घालावी. खालून लाविली तर खोली कांहींशी निवते, पण स्लॅब तापणें-निवणें चालूच राहून त्याला तडे जातात. विटांच्या तुकड्यांचा कोबा हा मुख्यतः पाण्यासाठीं आहे. चार इंची कोब्याचें ओझें दर चौरस मीटरास दोनशें किलोच्या आसपास जातें. म्हणून जुना कोबा न काढतां त्यावर नवा चढवूं देऊं नये.

आतां ठेकेदाराविषयीं. या वेळीं आम्हीं चौघांस बोलाविलें. तिघांनीं खालूनच दर सांगितला. चौथा गवंडी होता. तो चहा नको म्हणून आधीं जिना चढला. बरोबर बादलीभर पाणी नेऊन त्यानें गच्चीवर ओतलें आणि तें कोठें तुंबतें हें पाहत उभा राहिला. मग एकेक प्रश्न विचारूं लागला. स्लॅब कोणत्या सालचा? खालून कोठें गज गंजून पोपडे सुटले आहेत काय? पाण्याची टांकी आणि सूर्यचूल-बंब यांचे पाय कशावर टेकले आहेत? वृद्ध माणूस कोणत्या खोलींत निजतें? त्याचा दर चौघांत सर्वांत कमी नव्हता. तरी काम त्यालाच दिलें. कारण ज्यानें घराला इतके प्रश्न विचारले, त्याला उत्तरें ठाऊक असण्याचा संभव अधिक होता.

कागद मात्र आम्हीं केला, आणि त्यानें तो विनातक्रार वाचून सही केली. पाटीचें नांव, जाडी व क्षेत्रफळ त्यांत लिहिलें. पाटीचा एक तुकडा दोघांच्या सह्या करून कपाटांत ठेविला. रक्कम चार हप्त्यांत वांटली: चौथाई माल दारीं आल्यावर, चौथाई पाण्याची परीक्षा उतरल्यावर, चौथाई फरशी पुरी झाल्यावर, आणि उरलेली चौथाई पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर. मालापूर्वीं दमडीही द्यावयाची नाहीं, असें त्याचेंच म्हणणें पडलें.

कामाचा क्रम असा होता. जुना थर उखडून स्लॅब घांसून साफ केला व तडे भरले. जलरोधक लेप दोनदां दिला. गच्चीचा कठडा जेथें स्लॅबला मिळतो तो कोपरा गोलाईनें भरून लेप कठड्यावर फूटभर चढविला, कारण गळती बहुधा या सांध्यांतूनच शिरते. मग पाणी वाहून जाण्याचीं तोंडें बुजवून दोन दिवस गच्चीवर पाणी तुंबविलें आणि खालीं प्रत्येक खोलीचें छत हात लावून पाहिलें. त्यानंतर पाट्या एकमेकींस घट्ट भिडवून बसविल्या; फट राहिली तर तेवढ्यांतून ऊन खालीं उतरतें. वर कापडी थर, त्यावर दहा फुटांस सव्वा इंच उतार देऊन कोबा आणि शेवटीं पांढरी फरशी. ही पाटी आगीस लवकर बळी पडते आणि उघड्या उन्हांत झिजते, म्हणून ती आणल्यावर फार दिवस उघडी ठेवूं नये, जवळपास वेल्डिंगचें काम होऊं देऊं नये, आणि बिगाऱ्यांस तेथें विडी ओढूं देऊं नये.

प्रत्येक थर झांकण्यापूर्वीं आम्ही वर गेलों. गुडघे याही वेळीं दुखतच होते. नातवानें प्रत्येक थराचीं छायाचित्रें मोबाईलवर घेतलीं, आणि पट्टी लावून पाटीची जाडी मोजण्याचें काम तर त्यानें मोठ्या हौसेनें केलें.

काम 2024 च्या माघांत झालें. हाच काळ उत्तम. पाऊस नसतो, ऊन बेताचें असतें आणि कोब्याला सात-आठ दिवस पाणी मारण्यास सवड मिळते. त्याच वैशाखांत आत्याबाई आपल्या खोलींत परत आल्या. 2022 सालीं रात्रीं दहा वाजतां त्या खोलींत 37 अंश पारा पाहिलेला होता. आतां तो 33 च्या वर क्वचित् जातो. वाचकांनीं यापेक्षां मोठ्या चमत्काराची अपेक्षा करूं नये. हा थर उष्णता अडवितो, थंडी निर्माण करीत नाहीं. दिवस मावळल्यावर खिडक्या उघडाव्याच लागतात. पण त्या चार अंशांनीं आत्याबाईंना रात्रीची झोंप परत दिली.

आमच्या त्या विद्यार्थ्याविषयीं सांगावयाचें राहिलें. जुना थर उखडण्याची मजुरी त्यानें आपण होऊन सोसली. बाकीची रक्कम आम्हीं मागितली नाहीं. आम्हीं पहिल्याच दिवशीं चिरंजीवांचें ऐकून कागद केला असता, रक्कम हप्त्यांनीं दिली असती आणि चार वेळां जिना चढलों असतों, तर तो आमच्या घरीं आजही सरळ मानेनें आला असता. कागद करण्यांत आपण समोरच्या माणसाचा अपमान करतों, अशी आपल्या घरांतून जुनी समजूत आहे. आमचा अनुभव निराळा आहे. दोघांत कागद असला म्हणजे एकाला फसण्याची भीति राहत नाहीं, आणि दुसऱ्याला फसविण्याचा मोह होत नाहीं.