घाटातला वेग कोण ठरवतं?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर २०२४ मध्ये कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली, तेव्हा मावळच्या सपाटीवर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मुभा होती. लोणावळा ओलांडून बोरघाट लागला की मोटारीला ६० आणि ट्रकला ४०. दिल्लीच्या राजपत्रात मात्र अशाच रस्त्यासाठी १२० हा आकडा होता. कॅमेरा एका जागचा वेग टिपतो, तसाच दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतो आणि चलान थेट मोबाइलवर येतं. दंड भरणाऱ्याला आकडा कळतो, तो आकडा का, हे कुणी सांगत नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ मध्ये अधिकारांची वाटणी आहे. वरची मर्यादा केंद्र सरकार ठरवतं. तिच्या आत राहून राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी वेग आणखी कमी करू शकतो. कारण लोकांच्या सुरक्षिततेचं असेल, नाहीतर त्या रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्वरूपाचं. त्यासाठी अधिसूचना हवी आणि रस्त्यावर पाटीही हवी. ६ एप्रिल २०१८ ला केंद्राने वरची मर्यादा वाढवली: द्रुतगती मार्गावर मोटारींना १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००. आपल्या एक्स्प्रेस वेवर त्याआधी ८० ची पाटी असायची. महाराष्ट्राने १२० स्वीकारले नाहीत. नोव्हेंबर २०१९ च्या आदेशात सपाटीवर मोटारींना १००, बस आणि मालवाहू गाड्यांना ८०. घाटात अनुक्रमे ५० आणि ४० असे आकडे आले. मोटारींचे ५० पुढे ६० झाले. महाराष्ट्राचा हात आखडता राहिला ते बरंच झालं, असं मला वाटतं.

वेग ठरवण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक रस्त्याकडून सुरू होते. समोर किती अंतर दिसतं आणि तेवढ्यात गाडी थांबेल का? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत ताशी ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर अंतर मोकळं दिसायला हवं. त्यात चालकाला सावध व्हायला अडीच सेकंद धरलेले असतात. १०० च्या वेगात ब्रेकवर पाय पडण्याआधीच गाडी जवळपास ७० मीटर पुढे गेलेली असते. दुसरी रीत माणसाकडून सुरू होते. मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांचा वेग मोजायचा, शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो काढायचा आणि मर्यादा त्याच्या आसपास ठेवायची. अमेरिकेत ही रीत फार चालते. तिच्यात एक खोट आहे: लोक जितके सुसाट, तितकी मर्यादा वर सरकते. स्वीडनचे संशोधक योरान नीलसन यांचं गणित याच्या उलट बाजूने येतं. सरासरी वेग पाच टक्के वाढला, तर जीवघेणे अपघात सुमारे वीस टक्क्यांनी वाढतात.

घाटात या दोन्ही रीती अपुऱ्या पडतात, कारण तिथे प्रश्न नजरेचा कमी आणि उष्णतेचा जास्त आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर. तिथून खोपोलीच्या बाजूला उतरताना सुमारे ५०० मीटरची उंची गाडीला कुठेतरी जिरवावी लागते. साधा हिशेब केला, तर ताशी ६० ने धावणारी गाडी ३५ वेळा पूर्ण थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागेल, तेवढीच इथे एका उतरणीत जिरवायची असते. खालच्या गिअरमध्ये गाडी धरली, तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. वरच्या गिअरमध्ये किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडली, तर सगळा भार ब्रेकवर. लायनर तापतात, जळका वास येतो, पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही. बातमीत मग ‘ब्रेक फेल’ एवढंच छापून येतं. ट्रकसाठी ४० लिहिण्यामागे हे शास्त्र आहे, पण ते पाटीवर मावत नाही, आणि दुसरीकडे कुठे चालकाला समजेल अशा मराठीत किंवा हिंदीत लिहिलेलंही नाही.

ट्रकचालकांचं म्हणणंही झिडकारून चालणार नाही. भरलेली गाडी उतारावर पूर्ण वेळ ४० च्या आत धरणं अवघड जातं, मागून येणारी मोटार अंगावर येते आणि चलान तेवढं ट्रकला बसतं, असं ते सांगतात. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानविरोधात संप केला. ६० आणि ४० च्या गाड्या एकाच उतारावर सोडल्या, तर लेनची शिस्त कडक हवी. ट्रक डावी लेन सोडून मधे आला की वेगातला तो फरकच धोका बनतो. आकडा बदलायचाच असेल, तर भरलेल्या ट्रकच्या ब्रेकचं तापमान मोजून बदला. संपाच्या दबावाखाली नको.

अर्थात वेगमर्यादा हा एकच उपाय नाही. अभिनेत्री भक्ती बर्वे २००१ मध्ये याच रस्त्यावर अपघातात गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये मावळात उर्से परिसरात समोरच्या बाजूचा टेम्पो दुभाजक ओलांडून आला. त्या धडकेत अभिनेते आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि पेंडशांचा लहान मुलगा गेला. आपल्या बाजूला मर्यादेत चालणाऱ्या गाडीला अशा वेळी पाटी वाचवू शकत नाही. तिथे दुभाजकात पोलादी दोरांचा अडथळा लागतो, आणि तो या मार्गावर पुढे बसवला गेला. घाटातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, तोही वळणावर रस्ता आवळणाऱ्या त्याच्या खांबांमुळे. खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’चा विचारही याच दिशेचा: १९ किलोमीटरची वळणं टाळायची आणि जवळपास नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट निघायचं. २०१६ मध्ये या द्रुतगती मार्गावर १५१ माणसं मेली होती. पुढे आकडा खाली आला, तो रस्त्यातली दुरुस्ती, गस्त आणि जखमींना वेळेत मदत अशा अनेक कामांमुळे.

या सगळ्या चर्चेत जुना मुंबई-पुणे महामार्ग मात्र विसरला जातो. वडगाव, कामशेत, कार्ला फाटा इथे लोक तो रोज पायी ओलांडतात. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने पादचारी आणि वाहनं एकत्र असतील तिथे ३० ची मर्यादा सुचवली. कलम ११२ चा अधिकार इथेही तितकाच लागू आहे. ग्रामपंचायतीने ठराव करावा, शाळा सुटतानाच्या वेळचा वेग मोजून मागावा आणि तो कागद जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवावा. समितीनेही मर्यादा मंजूर केली किंवा नाकारली, तरी मोजमापासकट कारण गावात लावावं.